कोठीतला बेत

ताईच्या कामाला नाव नव्हतं. म्हणजे ऑफिसच्या कागदावर होतं, पण ते वाचून कुणाला काही उलगडत नसे. घरी आलेल्या पाहुण्यांनी विचारलं, "तू नेमकं काय करतेस गं?" तर ती म्हणायची, "सामान आणून ठेवते." पाहुण्यांना वाटायचं, पोरगी गोदामात आहे. मग बाबा शिलाई मशीनवरचा पाय थांबवून सांगायचे, "तसलं सामान नव्हे हो, कॉम्प्युटरचं." आणि लगेच पुन्हा पाय चालू करायचे, कारण त्यापुढचं त्यांनाही ठाऊक नव्हतं.

मी त्याच गल्लीतला. माझे सदरे बाबांनीच शिवले. त्यामुळे या घरातलं थोडं डोळ्यांनी पाहिलं आणि पुष्कळसं पुढे ताईच्याच तोंडून ऐकलं. तिचं काम समजायला मला वेळ लागला, पण समजलं. ते आधी सांगतो, कारण ते कळल्याशिवाय तिच्या मनातली सल कळायची नाही.

ताईचं ऑफिस कपड्यांच्या कारखान्यांसाठी प्रोग्रॅम बनवायचं. कारखान्यात लांबलचक टेबलावर कापडाचे थर पसरलेले असतात आणि वरून यंत्राचं पातं फिरतं. पाठ कुठे, बाही कुठे, कॉलर कुठे, कोणता तुकडा कसा ठेवला म्हणजे कापड कमीत कमी वाया जाईल, हे त्या यंत्राला प्रोग्रॅम सांगतो. एवढा मोठा प्रोग्रॅम कुणी मुळापासून लिहीत नाही. जगात कुणीतरी, कुठेतरी बसून एखादं काम नीट लिहून ठेवलेलं असतं, आणि ज्याला हवं त्याने न्यावं म्हणून इंटरनेटवर मांडलेलं असतं. त्याला लायब्ररी म्हणतात. पुस्तकांशी तिचा संबंध नाही. एक लायब्ररी आकृती काढते, एक छपाई करते, एक नुसत्या तारखा मोजते. आणि यातली प्रत्येक आणखी दुसऱ्या कुणावर टेकलेली. आपण एका पाहुण्याला जेवायला बोलवावं आणि त्याने चुलते, मेहुणे, मेहुण्यांची पोरं अशी सगळी वरात घेऊन दारात उभं राहावं, तशातली गत.

या सगळ्या वरातीची यादी ताईच्या ताब्यात होती. कोणती लायब्ररी, तिची कोणती आवृत्ती, तिच्यासोबत कोण कोण. ती यादी वाचून सगळं गोळा करणारं आणि एकत्र बांधून चालता प्रोग्रॅम हातात देणारं एक हत्यार असतं, त्याला बिल्ड टूल म्हणतात. बांधणी नीट झाली की पडद्यावर हिरवी खूण उमटते. काही कमी पडलं की लाल. लाल झालं की ऑफिसात म्हणतात, "बिल्ड फुटला," आणि सगळ्या माना ताईच्या टेबलाकडे वळतात.

एकदा तो असा फुटला की दिवसभर सांधला नाही. कुठल्याशा परक्या माणसाने आपली इवलीशी लायब्ररी रागाच्या भरात इंटरनेटवरून काढून टाकली. कुणाशी भांडला, देव जाणे. पण तिच्यावर दुसरी टेकलेली, दुसरीवर तिसरी, आणि तिसरीवर ताईचं अख्खं ऑफिस. साहेब येरझाऱ्या घालत होते. "एका माणसाच्या रुसण्याने आपण सगळे बसून राहायचं?" असं ते भिंतीला विचारत होते.

त्यानंतर ताईने कोठी उभारली.

कोठी म्हणजे ऑफिसातलाच एक कॉम्प्युटर. बाहेरची लायब्ररी एकदा, फक्त एकदा, कोठीत आणायची. पुढे ऑफिसातल्या कुणालाही, कितीही वेळा लागली तरी कोठीतून घ्यायची. बिल्ड टूललाही तिने तशी शिस्त लावून दिली: आधी घरात बघ, घरात असेल तर बाहेर पाऊल टाकू नकोस. शिवाय ताई नुसती तयार लायब्ररी आणून थांबत नसे. तयार लायब्ररी शिवलेल्या सदऱ्यासारखी असते, अंगात घातली की झालं. तिचं मूळ वेगळं असतं, लिहिणाऱ्याने लिहिलेल्या ओळी जशाच्या तशा. त्याला सोर्स म्हणतात. बहुतेक लोक सदरा घेऊन चालू लागतात. ताई सोर्सही आणून शेजारी ठेवायची. म्हणायची, "उद्या उसवला तर शिवण कुठून गेलीय ते कळायला नको?"

शिंप्याची पोर होती, दुसरं काय म्हणणार.

ऑफिसात एक चष्मेवाला होता, सगळ्यांची टर उडवणारा. तो सकाळी आल्या आल्या हाक द्यायचा, "ताई, कोठी उघडा, लेकरं उपाशी आहेत!" ताई मान वर न करता म्हणायची, "हात धुऊन या आधी." पण कोठी झाल्यापासून बाहेर कुणीही रुसलं, कुणाचंही काहीही बुडालं, तरी ताईच्या ऑफिसात सकाळी हिरवी खूण उमटायची. साहेब पाहुण्यांना तिच्या टेबलापाशी आणून दाखवायचे. ताईलाही त्याचा अभिमान होता. का नसावा?

आता धाकटीचं सांगतो.

धाकटी म्हणजे ताईची बहीण. आई लवकर गेली. ताई शिकून मोठ्या गावी नोकरीला लागली आणि धाकटी बाबांपाशी राहिली. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एक मशीन, भिंतीला खुंट्या, आणि मधोमध कापायचं टेबल. ते टेबल पाहण्यासारखं होतं. कडा हातांनी झिजून गोल झालेल्या, फळीवर कात्रीचे ओरखडे, आणि लाकडाच्या भेगांत निळा-पांढरा खडू इतका मुरलेला की कितीही पुसा, तो तिथेच.

बाबा कापड बेतायला उभे राहिले की बराच वेळ काहीच करायचे नाहीत. कापड पसरायचे, तळहाताने सपाट करायचे आणि नुसते बघत राहायचे. गिऱ्हाईक चुळबुळ करायचं. बाबांचं लक्ष नसे. मग एकदम कागदी नमुने पटापटा मांडायचे, बाही उलटी, कॉलर तिच्या पोटात, पट्टी कडेला, आणि कात्री लावायचे. दुसऱ्या शिंप्याकडे ज्या कापडात सदरा होईना, त्यात बाबा सदरा काढून वर पोरींना रुमालाएवढा तुकडा ठेवायचे. धाकटी लहानपणी त्या टेबलाखालीच वाढली. मोठी झाली तशी टेबलाशेजारी उभी राहून कागदी तुकडे फिरवायला शिकली.

पुढे बाबांचा हात थरथरू लागला. नजर शाबूत, पण कात्री सरळ जाईना. मग बाबा सांगायचे आणि धाकटी कापायची. मधल्या वेळात ती ताईने दिलेला जुना कॉम्प्युटर त्याच टेबलाच्या कोपऱ्यावर मांडून बसायची. प्रोग्रॅम लिहायला तिचं तीच शिकली. अडलं की ताईला फोन. पहिलं वर्ष फोन फार, नंतर कमी, नंतर ताईलाच अडलं तर ती धाकटीला विचारायला लागली.

आणि धाकटीने एक लायब्ररी लिहिली. तिचं नाव ठेवलं 'बेत'. कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, सांगा, तुकड्यांची मापं सांगा, बेत ते मांडून देणार. तसल्या हिशेबी लायब्रऱ्या जगात आणखीही होत्या, पण त्यांना कापड म्हणजे पत्रा वाटायचा. बेतला कापड कळायचं. उभा धागा कुठला, आडवा कुठला, मखमलीची लव कुठे झुकते, कुठला तुकडा किंचित तिरका गेला तरी चालतो आणि कुठला गेला तर सदरा धुतल्यावर पिळवटतो. हे सगळं बाबांचं. बाबा खुर्चीत बसून सांगायचे, धाकटी टाइप करायची, पुन्हा विचारायची, "पण का, बाबा?" बाबा चिडायचे. "का म्हणजे? तसंच असतं!" मग जरा वेळाने स्वतःच, "थांब. का ते सांगतो."

बेत पुरा झाला तेव्हा ताई सुट्टीला घरी आली होती. तिने तो चालवून पाहिला, मग पुन्हा एकदा चालवला. ऑफिसात यासाठी जे होतं, त्यापेक्षा हे चांगलं होतं, तिला दिसत होतं.

"कसा आहे?" धाकटीने विचारलं.

"चांगला आहे. आमच्याकडे..."

"ए ताई, नाव काढू नकोस." धाकटीने तिथेच अडवलं. "तुझ्या ऑफिसात वशिला लावायचा नाही. बहिणीचं म्हणून कुणी घ्यायला नको. मी सगळ्यांसाठी मांडून ठेवणार. कुणाला लागलं तर आपणहून नेतील."

"आणि नाही नेलं तर?"

"नाही नेलं तर समजायचं, आपल्याला वाटतं तेवढं काही आपण शहाणे नाही." ती हसली. पण पुढचं तिने हसत नाही सांगितलं. आत्याच्या गावी एका मोठ्या कापड दुकानात गल्ल्यावर माणूस हवं होतं, आत्या मागे लागली होती. "बाबा आहेत तोवर मी इथेच. त्यानंतर बेत कुणाच्या उपयोगाचा आहे असं दिसलं तर मी हे टेबल सोडणार नाही, याच्यावरच पुढचं काम करीन. नाही दिसलं तर गल्ला. मग हे डोक्यातून काढून टाकायचं म्हणजे टाकायचं."

ताईने बरं म्हटलं. शब्द दिला, वशिला लावणार नाही म्हणून.

आणि परत गेल्यावर आठवड्याच्या आत बेत कोठीत आणला.

तिने शब्द मोडला असं तिला वाटलं नाही, आणि खरं तर मोडला नव्हताच. लिहिणारी कोण हे तिने साहेबांना सांगितलं नाही. इतर दोन लायब्रऱ्यांबरोबर बेतही तोलायला ठेवला. चष्मेवाल्यानेच तिन्ही तपासून सांगितलं, "ताई, हा जो कोणी आहे ना, याने आयुष्यभर कात्री धरलीय." ताई खिडकीबाहेर बघत राहिली. बेत यादीत गेला. कोठीत आला, सोर्ससकट. तिथून प्रोग्रॅममध्ये, प्रोग्रॅममधून एका कारखान्यात, मग दुसऱ्यात, मग पार समुद्रापलीकडच्या कारखान्यांत.

धाकटीला सांगायचं तिने ठरवलं होतं. पण आधी टिकू दे, असं तिला वाटलं. आज यादीत आहे, उद्या साहेबांनी काढून टाकला तर पोरीच्या जिवाला लागायचं. मग टिकला, तेव्हा वाटलं, आता सांगितलं तर म्हणेल, शेवटी वशिला लावलासच. मग सवय झाली. न सांगण्याचीही सवय होते.

बेत जिथे मांडला होता, तिथे त्याच्या नावापुढे एक आकडा दिसायचा: किती जणांनी नेला. धाकटी रोज सकाळी दुकान झाडून झालं की तो आकडा बघायची. तिथे एक होता. एकच.

आता कळलं असेल. कोठीने बेत एकदा नेला. त्यानंतर ऑफिसातली माणसं, मशीनं, दिवसातून कितीतरी बांधण्या, सगळे कोठीतून घेत होते. बाहेर कुणी जातच नव्हतं. ताईने दार इतकं छान लावून घेतलं होतं की आत काय शिजतंय त्याचा वासही बाहेर येत नव्हता.

एका सुट्टीत तिघं चहा पीत बसले होते. बाबांची कपबशी धाकटीने धरलेली. बाबांनी विचारलं, "काय पोरी, आपला बेत कुणी नेतं की नाही?"

"एकाने नेलाय."

"मग झालं तर. एक गिऱ्हाईक आलं तरी दुकान उघडं ठेवावं लागतं."

"तो तरी कोण असेल गं ताई?" धाकटी म्हणाली. "मला वाटतं, चुकून बोट लागलं असणार बिचाऱ्याचं. दुसरंच काहीतरी हुडकत होता आणि हे गळ्यात पडलं."

बाबा हसले. धाकटी हसली. आणि ताईही हसली.

"ते हसू," ताई मला म्हणाली होती, "मला परत घेता आलं असतं तर." एवढंच म्हणाली, आणि ओसरीवरून उठून आत गेली.

याच्यापेक्षा बारीक, पण याच्याहून खोल गेलेली आणखी एक गोष्ट आहे. त्या धंद्यातली रीत अशी, की दुसऱ्याच्या लायब्ररीत काही उणं सापडलं तर त्याला कळवायचं. दुरुस्ती केली असेल तर ती त्याच्याकडे पाठवायची. ज्याने फुकट दिलं त्याचं तेवढंच देणं. कारखान्याकडून तक्रार आली, की पट्ट्यापट्ट्यांच्या कापडात शिवणीला पट्टे जुळत नाहीत. बेतमध्ये पट्ट्यांचं अजून लिहिलंच नव्हतं. ताईने कोठीतला सोर्स उघडला आणि स्वतः लिहिलं. बिल्ड टूलला सांगितलं, यापुढे ही आपली दुरुस्त प्रत घे. मग आणखी एक तक्रार, आणखी एक दुरुस्ती. कळवायचं राहिलं. एकदम सगळं पाठवू, असं ती म्हणत राहिली. कळवलं असतं तर धाकटीला कळलं असतं, कुठेतरी कुणीतरी आपलं काम इतकं वापरतंय की त्यातले दोष दिसावेत. परक्या नावाने कळवलं असतं तरी चाललं असतं. ते तिला सुचलं, पण फार उशिरा.

बाबा गेले. शेवटी ते फार आजारी नव्हते, फक्त लहान होत गेले, अंथरुणात शोधावं लागायचं इतके. ताई येऊन राहिली, सगळं उरकलं, आणि जायच्या दिवशी तिच्या ओठांवर आलं होतं. पण धाकटी बाबांचे सदरे घडी घालत होती आणि प्रत्येक सदऱ्याची कॉलर बोटांनी चाचपत होती. अशा वेळी ऑफिसचं काय बोलायचं? पुढच्या खेपेला निवांत सांगू, ताई मनात म्हणाली, आणि तिने गाडी धरली.

पुढची खेप यायच्या आत धाकटीने आकडा शेवटचा पाहिला. एक. तिने बेत इंटरनेटवरून काढून टाकला. घरच्या कॉम्प्युटरवरचा सोर्स पुसला आणि कॉम्प्युटर भंगारवाल्याला दिला. तिने ठरवलं म्हणजे ठरवलं, अर्धवट काही ठेवायची नाही, अगदी बापावर गेलेली. टेबल कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला दिलं. मी तेव्हा गल्लीतच होतो. चौघांनी धरून ते आडवं करून दारातून काढलं आणि ती उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "सांभाळून, एक पाय हलतो." मी विचारलं, "ताईला विचारलंस का?" तर म्हणाली, "तिला काय विचारायचं? तिचं बरं चाललंय."

आणि तिने बेत काढला त्या सकाळी ताईच्या ऑफिसात काय झालं? काहीच झालं नाही. तीच तर गोष्ट आहे. कोठी नसती तर त्या दिवशी बिल्ड फुटला असता. पडद्यावर लाल ओळ आली असती, बेत सापडत नाही म्हणून. चष्मेवाल्याने आरडाओरडा केला असता, साहेबांनी येरझाऱ्या घातल्या असत्या, आणि ताई मिळेल त्या गाडीने धावत सुटली असती. टेबल अजून दुकानात होतं, कॉम्प्युटर अजून भंगारात गेला नव्हता. ती पोचली असती. पण कोठी होती, आणि कोठीत बेत होता. हिरवी खूण उमटली. ताईने चहा घेतला आणि कामाला लागली.

ती आली तेव्हा आधी इस्त्रीवाल्यापाशी थबकली. कोपऱ्यावर, कापडी छपराखाली, बाबांचं टेबल. त्यावर चादर अंथरलेली, चादरीवर परक्यांचे शर्ट, आणि कडेला तापलेली इस्त्री.

"हे कुठलं?" तिने विचारलं.

"तुमचंच की, ताई!" इस्त्रीवाला खुशीत होता. "झकास टेबल आहे. खडू तेवढा निघत नाही. पांढऱ्या कपड्याला लागतो, म्हणून ही चादर."

ती घरी पोचली तेव्हा पुढची खोली मोकळी होती. भिंतीवर खुंट्या, आणि फरशीवर टेबलाच्या चार पायांचे चार डाग. धाकटी आत बॅग भरत होती.

"बेत कुठाय?" ताईने पिशवीही खाली ठेवली नव्हती.

"काढला. तुला सांगितलं होतं ना मी, कुणाला नको असेल तर काढणार म्हणून."

"आमच्याकडे आहे तो."

"काय आहे?"

"बेत. पहिल्यापासून. आमच्या ऑफिसातून जाणारं सगळं त्याच्यावर चालतं. तो एक... तो एक म्हणजे मीच."

धाकटीच्या हातातली साडी तशीच राहिली. मग विचारलं, "किती कारखाने?"

ताईने सांगितलं. आकडा मी इथे लिहीत नाही. तो ऐकून धाकटीच्या चेहऱ्यावर क्षणभर उजेड आला, खरंच आला, असं ताई म्हणते. आणि त्याच क्षणी गेला.

"बाबांना माहीत होतं?"

"नाही."

"एवढे लोक बाबांच्या डोळ्यांनी कापत होते, आणि बाबा मला विचारत होते, कुणी नेतं का म्हणून. तू समोर बसली होतीस, ताई. तू हसलीस."

"तूच म्हणाली होतीस, वशिला नको."

"वशिला नको म्हणाले होते. वापरतोय म्हणून सांगू नकोस, असं कधी म्हणाले?"

ताईने मग जे तिच्यापाशी होतं ते पुढे केलं. लॅपटॉप काढला, कोठीची प्रत उघडली. "हे बघ. सगळा सोर्स आहे. तुझी एक ओळ हललेली नाही. इथून परत घे, परत मांड. टेबल मी आणते मागून."

धाकटी जमिनीवर मांडी घालून बसली. टेबल नव्हतंच. ती ओळी वाचत खाली खाली गेली आणि एका जागी थांबली.

"हे माझं नाही."

"पट्ट्यांचं ना? ते मी लिहिलं. तक्रार आली होती."

"सगळीकडे पट्टे जुळवलेस तू? काखेतसुद्धा?"

"मग? जुळायला नकोत?"

"अगं, काखेत कोण वाकून बघायला येतंय? बाबा समोर जुळवायचे, खिशाला जुळवायचे, आणि काखेत सोडून द्यायचे. तिथे वाचलेल्या कापडातच तर बाही बसायची." तिचं बोट पडद्यावर होतं. "तू प्रत्येक सदऱ्यामागे कापड फुकट घालवतेयस. मला कळवलं असतंस तर मी बाबांना विचारून संध्याकाळच्या आत लिहून दिलं असतं."

"मग आता लिही. मी बसते."

आणि धाकटी लिहायला लागली. रागातच, पण लागली. समोरची पट्टी, खिसा, बगल. बोटं भराभर चालत होती आणि ताई शेजारून बघत होती. तिला वाटलं, जमलं. मग बोटं थांबली.

"मागे कॉलरखाली खांद्याचा तुकडा येतो ना, त्याचा पट्टा बाबा कॉलरला जुळवायचे की पाठीला? दोन्हीला नाही जुळत. एक सोडावाच लागतो."

"कुठला सोडायचे?"

"थांब, विचा..." ती म्हणाली आणि आतल्या खोलीकडे अर्धी वळली.

आतल्या खोलीत कुणी नव्हतं.

बाबांचे पट्ट्यांचे सदरे होते का बघायला दोघी उठल्या. पण बाबा आयुष्यभर साधे पांढरे घालत. गिऱ्हाइकांचे सदरे गिऱ्हाइकांच्या अंगावर, कुठे कुठे गेलेले. माझ्याकडे एक होता, पट्ट्यांचा, तोही धुऊन धुऊन फाटला आणि फरशी पुसायला गेला. दोघी माझ्या दारात आल्या तेव्हा मला हे सांगावं लागलं.

धाकटीने लॅपटॉप मिटून ताईच्या हातात दिला. "समोरचं मी नीट केलंय, ते वापर. मागचं राहू दे." ताईने पुष्कळ विनवलं. धाकटी रागावली नाही, उलट मऊ आवाजात बोलली, आणि तेच ताईला जड गेलं. "आता नाही गं होणार माझ्याच्याने. तेव्हा मला दिसलं असतं तर मी बाबांकडून सगळं काढून घेतलं असतं. लव, पट्टे, चौकडी, सगळं. एकासाठी किती विचारायचं त्यांना, म्हणून मी विचारायची थांबले होते."

ती आत्याच्या गावी गेली. अजून तिथेच आहे. गल्ल्यावर बसते, हसतमुख आहे म्हणतात. बहिणींचं बोलणं तुटलं नाही. आठवड्याला फोन होतो. आत्याचे गुडघे, घराचं छप्पर, तिच्या नातवंडांच्या परीक्षा. बेतचं नाव दोघी घेत नाहीत.

ताई अजून त्याच ऑफिसात, त्याच खिडकीपाशी. कोठी अजून आहे, ती काढता येत नाही, काढायचं कारणही नाही. पण तिने एक नवी चाल पाडलीय. महिन्यातून एक दिवस सकाळी ती कोठीचं दार बाजूला ठेवते आणि बिल्ड टूलला सांगते, आज घरातलं काही घेऊ नकोस, यादीतल्या प्रत्येकाच्या दारात स्वतः जा आणि आणून दे. बांधणीला वेळ लागतो. चष्मेवाला आता डोक्याने पांढरा झालाय, तरी म्हणतो, "ताई निघाल्या घरोघर." ताई म्हणते, "जाऊ दे की. कुणीतरी सकाळी आकडा बघत बसलेलं असेल." आणि दुरुस्ती केली तर त्याच दिवशी ज्याची त्याला पाठवते, सोबत दोन ओळी: तुमचं काम आम्ही वापरतो, इथे इथे वापरतो, नीट चालतं. काही जण उत्तर देतात. एका म्हाताऱ्याने लिहिलं होतं, मला वाटत होतं हे केव्हाच मेलं.

त्या दिवशी यादी वरून खाली सरकत जाते. एकेक नाव, शेजारी एकेक हिरवी खूण. मग बेतची पाळी येते. बिल्ड टूल त्याच्या जुन्या पत्त्यावर जातं, थोडं थांबतं, पुन्हा एकदा बघून येतं, आणि लाल ओळ उमटते: सापडला नाही. यादीतून तो बाहेरचा पत्ता काढून टाकायला एक क्षण लागेल. चष्मेवाल्याने दोनदा सुचवलं, मग सुचवायचा थांबला. ताई ती ओळ वाचते. मग हाताने कोठीचं दार उघडते, आतला बेत काढून देते, आणि बांधणी पुढे सरकते.